आत्याचा आवाज आणि दहा ओहमचा रेझिस्टर

आमची आत्या कहाणी सांगते तेव्हा महत्त्वाच्या जागी आवाज चढवत नाही, उतरवते. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाची दवंडी, गावभरचं दूध, देवळाकडे निघालेल्या घागरी, हे सगळं ती खणखणीत सांगते. मग म्हातारी घरचं आटोपून, मुलाबाळांना, लेकीसुनांना, गाईवासरांना पोटभर घालून उरलेलं खुलभर दूध घेऊन गाभाऱ्याशी येते. तिथे आत्याचा आवाज इतका खाली येतो की समोर बसलेला माणूस आपसूक पुढे सरकतो. लहानपणी आम्ही सगळी भावंडं त्या जागी सरकत सरकत तिच्या मांडीला चिकटायचो. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्याच जुन्या घरात राहते, आणि तिच्याकडच्या कहाण्या बाजारात मिळणाऱ्या पोथीतल्या कहाण्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्या तिच्या आजेसासूकडून तोंडी आलेल्या आहेत. लिहून काढता येतील, पण तो उतरलेला आवाज कागदावर कसा उतरवणार?

मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं. मोबाइलची गंमत अशी की तो हळू आवाज ऐकला की आपणहून मोठा करतो आणि मोठा ऐकला की दाबतो. फोनवर बोलायला हे फार सोयीचं आहे. पण कहाणीत आत्या जे मुद्दाम करत होती, नेमकं तेच फोन दुरुस्त करत होता. दवंडी आणि म्हातारीची प्रार्थना एकाच उंचीवर. वर, दोन वाक्यांच्या मधली तिची शांतता तो पंख्याच्या घरघरीने भरून काढत होता. म्हणून वेगळा माईक घ्यायचं ठरवलं.

माईक कोणता घ्यायचा यावर माझं मत पहिल्यापासून पक्कं होतं: डायनॅमिक, म्हणजे स्वतःला वीज न लागणारा साधा, दणकट माईक. आत्या भजनी मंडळात अनेक वर्षं गायली आहे. जाळीच्या गोळ्याचा माईक हातात कसा धरायचा, तोंडापासून किती लांब ठेवायचा हे तिला कोणी शिकवायची गरज नाही. स्टँडवर टांगलेला स्टुडिओतला नाजूक कंडेन्सर माईक समोर आला असता तर ती ताठ बसली असती आणि वर्गात धडा वाचल्यासारखी बोलली असती. कंडेन्सर बाहेरचा गोंगाट जास्त ‘ओढतो’ असंही लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, खरा फरक पडतो तो माईक किती जवळ आहे आणि कोणत्या दिशेचं ऐकतो याने. पण घर रस्त्यावर, खाली रिक्षांची रांग, समोर शाळा. जवळ धरता येणारा, मागचं कमी ऐकणारा, हातातून पडला तरी जगणारा माईकच तिथे बरा.

अडचण पुढे आली. डायनॅमिक माईक मुळात फार थोडी वीज देतो. ९४ डेसिबलचा आवाज, म्हणजे तोंड जवळ नेऊन जोरात बोलल्यासारखा, आला तर अशा माईकमधून साधारण दोन मिलिव्होल्टच्या आतच काहीतरी बाहेर पडतं. आत्या वीतभर अंतरावरून हळू बोलते तेव्हा माईकपाशी सत्तरेक डेसिबल पोचत असतील. चोवीस डेसिबल कमी म्हणजे जवळजवळ सोळावा हिस्सा. हिशेब केला की हातात उरतो एक दशांश मिलिव्होल्ट. घड्याळातल्या सेलचा पंधरा हजारावा भाग. तेवढ्यात म्हातारी, गाभारा, दूध आणि आत्या, सगळं मावलेलं आहे. कंप्युटरपर्यंत ते धडपणे पोचवायचं तर निदान हजार पट मोठं करायला हवं. हजार पट म्हणजे ६० डेसिबल.

माझ्याकडे आधीपासून होता तो इंटरफेस, म्हणजे माईक कंप्युटरला जोडणारी डबी, तिथवर जायचाच मुळी रडतखडत. बटण शेवटच्या टोकाला नेलं की आवाज मिळायचा, पण त्याच्याबरोबर एक ‘सुस्स’ सुरू व्हायचं, पावसाची झड खिडकीबाहेर लागावी तसं. दवंडीच्या वेळी ते कळायचं नाही. म्हातारी आली की कहाणीत पाऊस पडायचा. सॉफ्टवेअरने खरखर काढता येते, हल्ली तर फारच हुशारीने काढतात. मी काढून पाहिली. खरखर गेली आणि तिच्याबरोबर आत्याच्या ‘स’ आणि ‘श’मधली हवाही गेली, शब्दाआधी ती घेते तो बारीक श्वास गेला. ऐकायला स्वच्छ, पण ती आत्या नव्हती. मला हे ठामपणे म्हणायचं आहे की जुन्या माणसांचे आवाज जपणाऱ्यांनी या सफाईच्या फार नादी लागू नये. जी खरखर मुळात आलीच नाही, तिला काढावं लागत नाही.

ती येते कुठून, याचं उत्तर रेडिओवाल्यांनी फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. बेल लॅब या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये एक सूत्र मांडलं. एकापाठोपाठ एक अशी आवाज वाढवणारी यंत्रं जोडली, तर एकूण गोंगाट जवळजवळ सगळा पहिल्या यंत्राच्या हातात असतो. कारण उघड आहे. पहिल्या टप्प्यात जे मिसळलं ते पुढे प्रत्येक टप्प्यावर आवाजाबरोबरच मोठं होत जातं, आणि नंतरच्या टप्प्यांचा स्वतःचा गोंगाट तोवर मोठ्या झालेल्या आवाजापुढे किरकोळ ठरतो. माईकच्या मागे लगेच जो प्रीॲम्प्लिफायर बसतो, आमच्यात नुसतं प्रीॲम्प म्हणतात, त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. लोक माईकवर पैसे घालतात, स्पीकरवर घालतात, मधल्या या डबीकडे कोणी बघत नाही.

चांगला तयार प्रीॲम्प विकत मिळतो. मला तो बांधायचा होता. पैसे वाचतात म्हणून नव्हे. किट, ट्रान्सफॉर्मर, पेटी, सगळं धरून खर्च साधारण तेवढाच येतो. मला तो एक दशांश मिलिव्होल्ट कुठून कुठे जातो हे बोट ठेवून दाखवता यायला हवं होतं, आणि उद्या काही बिघडलं तर ते उघडून नीट करता यायला हवं होतं. जुन्या ब्रिटिश कन्सोलच्या, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरच्या, नकला असलेली किटं फार लोकप्रिय आहेत. नीव्ह १०७३ हे १९७० सालचं मॉड्यूल, त्याच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आवाजाला येणारी ऊब लोकांना वेड लावते. ती ऊब मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. पण मला आत्याच्या आवाजाला रंग द्यायचा नव्हता. म्हणून ट्रान्सफॉर्मर नसलेलं, आयएनए २१७ या आयसीवर (चिपवर) चालणारं साधं किट निवडलं.

किट म्हणजे काय, तर एक हिरवी पाटी (सर्किट बोर्ड) आणि सामानाची यादी. अर्धंअधिक सामान मी लॅमिंग्टन रोडवरून, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलं. ठाण्याहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग त्या अरुंद दुकानांसमोर कागद हातात धरून उभं राहायचं. तिथे वस्तूचं नाव सांगायचं नसतं, आकडा सांगायचा असतो. ‘एमएफआर एक टक्का, सहा पॉइंट आठ के, दहा नग.’ काउंटरवरच्या माणसाने वर न बघता मागच्या शेकडो खणांतला बरोबर तो खण ओढला. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावं. आयसी मात्र मी तिथून घेतली नाही, अधिकृत वितरकाकडून मागवली. आयएनए २१७च्या आधी एसएसएम २०१७ नावाची आयसी चालायची. ती बनायची बंद झाली आणि तिच्या नावाने नकली माल फिरू लागला. वरून हुबेहूब, आत भलतंच काहीतरी. सगळा खटाटोप ज्या एका तुकड्यासाठी आहे, तिथे घासाघीस करू नये.

ते सहा पॉइंट आठ के, म्हणजे किलोओहमचे, दहा रेझिस्टर (विजेला अडवणारे बारीक तुकडे) कशाला, तर फँटम पॉवरसाठी. कंडेन्सर माईकला वीज लागते, आणि ती आवाजाच्याच दोन तारांवरून ४८ व्होल्ट या दाबाने पाठवतात, प्रत्येक तारेत एक ६.८ किलोओहमचा रेझिस्टर घालून. ४८ हाच आकडा का, याची गोष्ट मला फार आवडते. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ हा माईक तयार केला. नॉर्वेत हिवाळ्यात उजेड कमी, म्हणून तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच फिरवलेली होती. तीच माईकला वापरली. तिकडच्या अंधाराने ठरवलेला आकडा आज ठाण्यात माझ्या टेबलावर आहे.

दोन तारांतले ते दोन रेझिस्टर एकमेकांशी शक्य तितके सारखे हवेत. माईकच्या केबलमध्ये आवाज दोन तारांवर उलटसुलट येतो आणि बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो. प्रीॲम्प फक्त दोहोंतला फरक मोठा करतो, म्हणून सारखं असेल ते आपोआप वजा होतं. रेझिस्टर असमान असले की वजाबाकी चुकते आणि गोंगाट शिल्लक राहतो. दहा नग मल्टिमीटरवर एकेक मोजले, त्यांतले सर्वांत जवळचे दोन निवडले. आत्याच्या माईकला फँटम लागत नाही, तरी मी ती बाजू पूर्ण बांधली. पेटी एकदाच होणार होती.

सोल्डरिंग मला खारकर आळीतल्या एका मेकॅनिक काकांनी शिकवलं. त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता बंद आहे, पण अवजारं घरी आहेत आणि शिकवायची हौस जबरदस्त. पंचवीस वॅटचा सोल्डरॉन, म्हणजे डाग द्यायची तापती सळई, आणि साठ-चाळीसचं सोल्डर. ते म्हणाले, ‘अगं, कथील रेझिस्टरला लावायचं नाही, जागा तापवायची. जागा तापली की कथील आपणहून धावत येतं.’ टोक पॅडला आणि पायाला एकदम टेकवायचं, मनात दोन म्हणायचं, मग सोल्डर लावायचं. राळेचा धूर येतो, चंदेरी थेंब पायाभोवती वर चढतो आणि छोट्या डोंगरासारखा थांबतो. गार होताना हात हलला तर चकाकी जाऊन तो करडा, दाणेदार दिसतो. तो ड्राय सोल्डर. वरून जोडलेला दिसतो, आतून सुटलेला असतो आणि सहा महिन्यांनी पावसाळ्याच्या दमट हवेत कुरकुर सुरू करतो. काकांनी प्रत्येक डाग भिंगाखाली पाहिला. एकही बोलून पास केला नाही, बघून केला.

आता या सगळ्यातली सर्वांत देखणी जागा. आयएनए २१७ आवाज किती पट मोठा करणार हे एकाच रेझिस्टरवर ठरतं. दहा हजारांना त्या रेझिस्टरच्या ओहमने भागायचं आणि एक मिळवायचा. शंभर ओहम लावला तर एकशे एक पट. दहा ओहम लावला तर हजार आणि एक. रेझिस्टर जितका लहान, तितका आवाज मोठा. आत्यासाठी लागणारी हजार पट म्हणजे तपकिरी, काळा, काळा, सोनेरी, तपकिरी अशा पाच पट्ट्यांचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा दहा ओहमचा तुकडा.

बहुतेक किटांत इथे फिरवायचं पोटेन्शिओमीटर देतात, आणि ते उलट्या लॉगचंच, म्हणजे शेवटाकडे ओहम सावकाश बदलणारंच लागतं. साधं, सरळ चालीचं दहा किलोओहमचं लावलं तर काय होतं पाहा. बटण निम्मं फिरवलं की पाच किलोओहम उरतात, आवाज फक्त तिप्पट. नऊ दशांश फिरवलं की एक किलोओहम, अकरा पट. आणि अकरापासून हजार पटीपर्यंतचा सगळा प्रवास त्या शेवटच्या दहाव्या भागात कोंबलेला. केसभर हललं की आवाज उसळतो. उलट्या लॉगचं चांगल्या प्रतीचं पोटेन्शिओमीटर मिळायला कठीण, आणि मिळालं तरी वर्ष-दोन वर्षांत त्यात धूळ बसून खरखर येते. मी ते सोडून बारा खटक्यांचा रोटरी स्विच लावला. प्रत्येक खटक्यावर वेगळा रेझिस्टर, शेवटचे तीन ३९, २० आणि १० ओहमचे, म्हणजे साधारण ४८, ५४ आणि ६० डेसिबल. याचा फायदा मला नंतर कळला. आत्याची आज घेतलेली कहाणी आणि पुढच्या आठवड्यात घेतलेली कहाणी यांची पातळी तंतोतंत एक राहते. बटण कुठे होतं हे आठवावं लागत नाही, खटका मोजला की झालं.

या रेझिस्टरच्या शेजारी त्याच्या कितीतरी पट मोठा एक कपॅसिटर उभा असतो, ३३०० मायक्रोफॅरडचा. मेकॅनिक काका कपॅसिटरलाच कंडेन्सर म्हणतात. ते बघून म्हणाले, ‘एवढा मोठा कंडेन्सर इथे? हा तर पॉवर सप्लायमधला वाटतो.’ त्याचं काम एवढंच की स्थिर विजेला हजार पट वाढू द्यायचं नाही, फक्त आवाजाला द्यायचं. दहा ओहमसमोर लहान कपॅसिटर लावला तर तो खालचे सूरही अडवेल. ३३०० लावल्यावर अडवण्याची सीमा पाच हर्ट्झच्या खाली जाते, माणसाचा कान जिथे पोचतच नाही. एवढासा रेझिस्टर नीट चालावा म्हणून त्याला एवढा मोठा सोबती लागतो, हे पाटीवर शेजारी शेजारी बघताना मला फार समाधान वाटलं.

पेटी वागळे इस्टेटमध्ये केली. तिथे एका गाळ्यात पत्रा कापतात, दुसऱ्यात वाकवतात, तिसऱ्यात पावडर कोटिंग होतं, आणि तिन्ही गाळ्यांत आपली वस्तू आपणच फिरवायची. अठरा गेजचा लोखंडी पत्रा घेतला. ॲल्युमिनियम दिसायला छान आणि कापायला सोपं, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला लोखंड जास्त अडवतं. कोटिंगवाल्यांना मी सांगितलं की झाकण जिथे बसतं त्या कडा, अर्थिंगच्या स्क्रूची जागा आणि माईकच्या सॉकेटभोवतीची जागा कोरी ठेवा.

‘ताई, कोरा पत्रा गंजेल हो. सगळीकडे मारतो ना, फिनिशिंग येईल.’

‘दादा, कोटिंगमधून वीज जात नाही. पेटीचे भाग एकमेकांना लागले पाहिजेत.’

त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘मग असं करू, तेवढ्या जागी टेप लावून मारतो. नंतर तुम्ही तिथे पातळ तेलाचा हात फिरवा.’ कामाची माणसं अशी असतात, कारण पटलं की ती स्वतःच उपाय काढतात. त्या कोऱ्या जागा फार महत्त्वाच्या. झाकण रंगामुळे पेटीपासून तुटलं तर ते ढाल न राहता अँटेना होतं. माईकच्या केबलची जाळी सॉकेटच्या एक नंबरच्या पिनला येते, ती पिन तिथल्या तिथे पेटीला जोडायची, पाटीवरून फिरवून आणायची नाही. पाटीवरून आणली की जाळीने अडवलेला सगळा गोंगाट आवाजाच्या रस्त्यात शिरतो. ध्वनितज्ज्ञ नील मन्सी यांनी १९९५ मध्ये यावर लिहिलं, आणि महागड्या यंत्रांतही ही चूक सर्रास असल्याचं तेव्हापासून ध्वनीच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मी सॉकेटपासून अर्ध्या इंचावर वॉशर आवळला.

चालू करायची वेळ आली तेव्हा काका सिरीज बोर्ड घेऊन आले. एक होल्डर, एक साठ वॅटचा पिवळा बल्ब, एक सॉकेट, इतकंच ते लाकडी फळीवर असतं. यंत्र बल्बच्या सिरीजमध्ये येतं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. आयसी सॉकेटमध्ये न बसवताच आधी वीज दिली. बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला. काकांनी मान डोलावली. मग बोर्ड काढून थेट वीज, आणि मल्टिमीटर: अधिक पंधरा, उणे पंधरा, आणि माईकच्या सॉकेटवर दोन आणि तीन नंबरच्या पिनांना अठ्ठेचाळीस. सगळं जागच्या जागी आल्यावर वीज काढून, कपॅसिटर उतरू देऊन, मगच आयसी बसवली. २३० व्होल्टच्या प्रत्येक टोकावर स्लीव्ह, फ्यूज, आणि पेटीला जाड तारेने अर्थ. घरी कोणी हे करणार असेल तर इथे घाई अजिबात नको. शिकवणारा माणूस शेजारी असल्याशिवाय तर मुळीच नको.

हेडफोन लावला आणि खाली एक बारीक गुणगुण ऐकू आली. पन्नास हर्ट्झची, आपल्या विजेची. अर्थिंग तपासलं, ठीक होतं. मग काकांनी टोरॉइड ट्रान्सफॉर्मर धरणारा बोल्ट थोडा सैल केला आणि मला म्हणाले, ‘तू कानाला लावून ऐक, मी फिरवतो. कमी झालं की सांग.’ टोरॉइड म्हणजे मेदूवड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, चौकोनी ट्रान्सफॉर्मरपेक्षा त्याचं क्षेत्र बाहेर कमी सांडतं, पण जे सांडतं ते सगळ्या बाजूंना सारखं नसतं. तारा जिथून बाहेर येतात तिथे जास्त. काका त्याला बोटभर बोटभर फिरवत होते. गुणगुण वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली, आणि एका जागी चक्क गायब झाली. ‘तिथेच, काका, तिथेच!’ त्यांनी बोल्ट आवळला. आवळताना त्यांनी बोल्टचं वरचं टोक झाकणाला लागत नाही ना, हे पट्टीने पाहिलं. वर आणि खाली दोन्हीकडे पेटीला टेकलेला बोल्ट म्हणजे ट्रान्सफॉर्मरभोवती स्वतःहून घातलेला एक वेढा होतो, त्यातून प्रचंड करंट फिरतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. हे मी वाचलेलं होतं, पण पट्टी घेऊन बघायची सवय हातात असावी लागते.

गुणगुण गेल्यावर जे उरलं त्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. माईकच्या जागी मी १५० ओहमचा एक रेझिस्टर प्लगमध्ये जोडून लावला, स्विच शेवटच्या खटक्यावर, म्हणजे हजार पट. माईक नाही, बोलणारं कोणी नाही. तरी हेडफोनमध्ये एक अगदी मऊ, एकसारखं ‘सुस्स’ होतंच. हे प्रीॲम्पचं एकट्याचं नाही. यात मोठा वाटा त्या रेझिस्टरचा आहे. कोणत्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात, आणि त्या हलण्याचा आवाज होतो. बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सन यांनी तो मोजला, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित सांगितलं, दोघांचंही १९२८ मध्ये प्रसिद्ध झालं. खोलीच्या तापमानाला १५० ओहमचा हा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्यात साधारण ०.२२ मायक्रोव्होल्ट असतो, स्टुडिओच्या भाषेत उणे १३१ डीबीयू. याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. कितीही पैसे दिले तरी नाही. माईकची गुंडाळीही वाहकच आहे, तीही अशीच कुजबुजत असते. माझ्या प्रीॲम्पची बेरीज उणे १२८ च्या जवळ येते, आयसीच्या माहितीपत्रकावरून काढलं तरी तेवढीच यायला हवी. म्हणजे निसर्गाने घातलेल्या तळापासून तीनेक डेसिबल वर.

आजचे बरे इंटरफेसही या आकड्याच्या आसपास येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नवीन इंटरफेस घेणाऱ्याला किटाची गरज असेलच असं नाही. पण मला त्या दिवशी जे ऐकू आलं ते आकड्यात नव्हतं. खोलीच्या उबेचा आवाज मी ऐकत होते. आत्याचा एक दशांश मिलिव्होल्ट म्हणजे शंभर मायक्रोव्होल्ट, आणि खालचा तळ पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास. मध्ये तीनशे-चारशे पटींची मोकळी जागा. म्हातारीच्या प्रार्थनेला तेवढी पुरते, फार पुरते. आणि आत्याने आवाज आणखी निम्मा केला तरी पुरते.

रेकॉर्डिंगला पहाटेची वेळ धरली, शाळा सुरू व्हायच्या आणि सोसायटीचा पाण्याचा पंप लागायच्या आधीची. पंखा बंद. खिडकीला दोन गोधड्या, आत्याच्या पाठीमागे उघडं कपाट, आतल्या नऊवारींच्या घड्यांसकट. कापडासारखं आवाज पिणारं दुसरं काही नाही, आणि ते प्रत्येक मराठी घरात कपाटभर असतं. आत्याने माईक हातात घेतला, मंडळात धरायची तसाच, हनुवटीच्या जरा खाली तिरका. ‘अगं, हे टकटक करून बघायचं का?’ तिने विचारलं. मी नको म्हटलं. ५४ डेसिबलच्या खटक्यावर सुरुवात केली.

‘ऐका महादेवा तुमची कहाणी. आटपाट नगर होतं...’

दवंडीला सुई चढली, घागरींना चढली. गाभारा भरेना तेव्हा ती थांबली. या थांबण्यात पूर्वी पाऊस पडायचा, आता तिची बांगडी माईकच्या दांड्याला किणकन लागलेली ऐकू आली. मग म्हातारी आली. आवाज उतरला, आणखी उतरला, आणि मी हेडफोन लावून बसलेली असूनही पुढे सरकले. ‘देवा’ म्हणताना ‘व’वर तिचा ओठ क्षणभर रेंगाळतो, हे मी इतकी वर्षं समोर बसून ऐकत आले, पण मला माहीत नव्हतं.

तिला ऐकवलं तेव्हा तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘चांगलं आलंय. पण कवळी बसवल्यापासून माझा ‘च’ नीट येत नाही. ती चौथी ओळ पुन्हा घे.’ पुन्हा घेतली. तिचं बरोबर होतं, दुसऱ्या वेळचा ‘च’ जास्त चांगला आहे.

सोमवार, शुक्रवारची जिवती आणि आदित्यराणूबाई एवढ्या झाल्या आहेत. पण मध्येच एक नवीन गोष्ट निघाली. आत्याच्या धाकट्या जाऊबाई कळव्याला राहतात, माहेर रत्नागिरीकडचं, आणि त्यांनी सोमवारची कहाणी ऐकून फोनवर सांगितलं की आमच्याकडे म्हातारी खुलभर दूध नाही आणत, वाटीभर आणते, आणि ती वाटी कोणाची हेही सांगतात. आत्या म्हणाली, ‘तिला बोलाव. समोरासमोर सांगू दे.’ दोघी एकाच वेळी बोलणार, हे नक्की. त्यासाठी दोन माईक, दोन वेगळ्या वाटा हव्यात. पेटीत दुसऱ्या पाटीपुरती जागा मी ठेवली आहे. वागळे इस्टेटच्या दादांना पुढच्या पट्टीवर सॉकेटचं आणखी एक भोक आणि स्विचचं आणखी एक भोक पाडायला सांगून आले, टेप लावून. दुसऱ्या पाटीचं सामान आलं आहे. जाऊबाई आत्यापेक्षा मोठ्याने बोलतात, तेव्हा त्यांच्या बाजूला बहुतेक चाळीस डेसिबल पुरतील, म्हणजे शंभर ओहम. तरी मी दहाचाही लावणार आहे. त्याही कुठेतरी आवाज उतरवत असतीलच.